धारेची राखण

श्रावणातल्या अमावास्येला छत्तीसगढात हरेलीचा सण येतो. उत्तरेकडील पंचांगातला हा श्रावण म्हणजे मराठी पंचांगातला आषाढच. त्यामुळे ज्या दिवशी महाराष्ट्रात दिव्याची अवस असते आणि घरोघरी समया घासूनपुसून पाटावर मांडल्या जातात, त्याच दिवशी रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत शेतीच्या अवजारांची पूजा होते. नांगर, कुदळ, वासला आणि हँसिया म्हणजे आपला विळा, ही सारी अवजारे धुऊन अंगणात मुरमाच्या थरावर मांडतात आणि त्यांना गुळाच्या चिल्याचा नैवेद्य दाखवतात. महाराष्ट्रात हाच मान खंडेनवमीला हत्यारांना मिळतो.

पूजा वर्षातून एकदा होते. धारेची गरज मात्र रोजची असते. आणि ती गरज घरी, लोहाराच्या भात्याजवळ किंवा शहराच्या बाजारात भासत नाही. ती भासते शेताच्या बांधावर, जंगलातल्या पायवाटेवर, मोजणीच्या तंबूत, म्हणजे नेमकी तिथे, जिथे धार लावून देणारा दुसरा कोणी हाताशी नसतो. अशा ठिकाणी, खिशात किंवा पडशीत मावेल एवढ्या साधनांनी हत्यार पुन्हा कामाजोगे कसे करावे, हा विषय दिसतो तेवढा क्षुल्लक नाही. तो नीट समजून घ्यायचा तर प्रथम धार म्हणजे काय, ती जाते कशी आणि कोणत्या वस्तूने परत येते, हे पाहिले पाहिजे.

पात्याच्या दोन उतरत्या बाजू जिथे एकमेकींना मिळतात, त्या रेषेला आपण धार म्हणतो. ही रेषा जितकी बारीक, तितका हाताचा जोर कमी जागेवर एकवटतो आणि पाते वस्तूत सहज शिरते. उत्तम लावलेल्या धारेची कड माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतकी बारीक असते. एवढी नाजूक कड फार काळ टिकू नये यात नवल नाही. ती दोन प्रकारांनी जाते. एक तर ती झिजून गोलसर होते. किंवा ती झिजत नाही, पण कुठेतरी टणक वस्तूवर आपटून एका बाजूला लवते. दोन्ही वेळा आपण 'धार गेली' असेच म्हणतो. पण दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत. झिजलेल्या धारेवर पोलाद घासून काढावे लागते. लवलेली धार नुसती सरळ करूनही भागते.

छत्तीसगढला धानाचा कटोरा म्हणतात, आणि धान हे पात्याची परीक्षा पाहणारे पीक आहे. भाताचे रोप जमिनीतून सिलिका, म्हणजे वाळूचाच मूळ घटक, भरपूर शोषून घेते आणि आपल्या पात्यांत, काडीत व तुसात साठवते. तूस जाळल्यावर उरणाऱ्या राखेचा सुमारे नऊ दशांश भाग सिलिकाच असतो. याच राखेने खेड्यांत पितळेची भांडी लख्ख होतात, यावरून तिच्या घासण्याच्या शक्तीची कल्पना यावी. तेव्हा धान कापताना विळा काडी कापत असतो आणि काडी विळ्याला घासत असते. त्यात बुडख्याला चिकटलेल्या चिखलाची भर पडते. सकाळी खसाखस चालणारा विळा दुपारपर्यंत ओढावा लागतो, याचे कारण कापणाऱ्याच्या थकव्यात जितके असते तितकेच पात्यातही असते.

इथे एक समज दूर केला पाहिजे. बोथट हत्यार निरुपद्रवी असते असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. धारदार पाते थोड्या जोराने कापते आणि हाताच्या ताब्यात राहते. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, ते काडीवरून निसटते आणि मागे लावलेला सारा जोर घेऊन भलतीकडे जाते. कापणी करणाऱ्याच्या डाव्या हातात धानाची मूठ असते; निसटलेला विळा बहुधा त्याच हातावर येतो. दवाखाना काही कोस दूर आहे, जखमेत शेतातली माती गेली आहे, धनुर्वाताचे भय आहे, आणि हंगामाचे मोजके दिवस चालू आहेत. अशा वेळी एका बोटाची किंमत काय होते, हे रोजंदारीवर जगणाऱ्या घराला सांगावे लागत नाही. विळा पाजवायला बसलेला मजूर कामचुकारपणा करतो आहे, असे म्हणणारे मालक अजूनही आढळतात. त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आता धार लावायची कशावर? पोलादाला घासायचे तर पोलादाहून कठीण वस्तू हवी. इ. स. १८१२ मध्ये फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी श्रेणी ठरवली. तिच्यात चुनखडकाचे मुख्य खनिज कॅल्साइट तिसरे आहे, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ सातवे, कुरुंद नववा आणि हिरा दहावा. पाणी दिलेले पोलाद साधारणपणे सहाच्या आसपास किंवा किंचित वर येते. म्हणजे गारगोटी आणि तिच्या पुढच्या वस्तू पोलादाला कापतील, अलीकडच्या कापणार नाहीत.

ही श्रेणी ध्यानात घेतली म्हणजे रायपूरच्या परिसरातले एक कोडे उलगडते. रायपूरच्या भोवती दगडाला तोटा नाही. जुन्या घरांच्या फरशा, ओटे, कुंपणाला उभ्या केलेल्या शिळा, सारे तिथल्याच दगडाचे. सपाट, गुळगुळीत, हातात धरण्याजोग्या चिपा कुठेही मिळतात. पण त्यांवर विळा तासभर घासला तरी धार येत नाही. उलट दगडाचीच पांढुरकी पूड पडते. कारण रायपूरच्या पायाखालचा खडक मुख्यतः चुनखडक आहे. बलोदाबाजार आणि भाटापारा भागातले सिमेंटचे कारखाने याच खडकावर उभे आहेत. सिमेंटला तो उत्तम, पात्याला निरुपयोगी.

पात्याला हवा तो वालुकाश्म, म्हणजे गारगोटीच्या बारीक कणांचा सांधून झालेला दगड. तो या खोऱ्याच्या कडांना, चुनखडकाच्या थरांच्या खालून वर येतो. भूशास्त्रज्ञ त्याला चंद्रपूर गटाचा वालुकाश्म म्हणतात. हे चंद्रपूर महाराष्ट्रातले नव्हे. महानदीच्या काठी याच नावाचे गाव छत्तीसगढात आहे, त्यावरून हे नाव पडले. सपाटीवरच्या माणसाने नदीच्या पात्रातला गोटा उचलताना एवढी एक परीक्षा करावी: जुन्या खिळ्याने त्यावर रेघ ओढावी. दगडावर चरा पडला तर तो टाकून द्यावा. दगडावर चरा न पडता खिळ्याचीच करडी रेघ उमटली, तर तो दगड पोलादाला खाणारा आहे असे समजावे. मग त्याचा दाणा पाहावा. दाणा डोळ्यांना स्पष्ट दिसत असेल तर तो खरबरीत कामाचा, बोटाला नुसता जाणवत असेल तर शेवटच्या हाताचा.

महाराष्ट्राची अडचण वेगळी होती. सह्याद्रीचा काळा कातळ चुनखडकाहून पुष्कळ कठीण, पण पोलादाच्या बरोबरीचाच. त्यामुळे पाट्यावर किंवा उंबऱ्याच्या दगडावर घासलेल्या विळीला धार येते, पण सावकाश आणि जेमतेम. मात्र याच कातळाच्या पोकळ्यांत गारगोट्या सापडतात. त्या कुटून त्यांची पूड लाकडी फळीवर पसरायची आणि तीवर पाते घासायचे, ही युक्ती अनेक ठिकाणी चालत आली. फळी हलकी, पूड चिमूटभर. वाहून नेण्याच्या दृष्टीने यापेक्षा सुटसुटीत साधन शोधूनही सापडणार नाही.

या कलेचे प्राचीनत्व आपल्या शब्दांतही दिसते. मराठीत धार लावण्याला 'पाजवणे' म्हणतात. छत्तीसगढीत त्याच क्रियेला 'पजाना' म्हणतात. भोसल्यांचा भास्करपंत इ. स. १७४१ मध्ये या प्रांतात उतरला आणि बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून रतनपुराहून कारभार केला, तेव्हापासून इथे वस्तीला आलेल्या मराठी कुटुंबांना हा शब्द कोणी शिकवावा लागला नसेल. दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'पिण्यास देणे' हा अर्थ आहे. तापलेल्या पोलादाला पाणी पाजायचे, म्हणजे ते कठीण करायचे. पुढे तोच शब्द धार लावण्यालाही लागू झाला. सुश्रुतसंहितेत शस्त्रवैद्याच्या हत्यारांविषयी जे सांगितले आहे त्यात 'पायना' हाच शब्द आला असून ती क्षार, पाणी आणि तेल या तिन्हींत करावी असे म्हटले आहे. एवढेच नव्हे, तर धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि लावलेली धार राखण्यासाठी शाल्मलीच्या लाकडाची फळी वापरावी, असाही आदेश तिथे आहे. आणि धार पुरी लागली की नाही याची कसोटी म्हणून केस कापला जावा असे सांगितले आहे. शाल्मली म्हणजे सावर, छत्तीसगढातला सेमर. दगडाने धार काढावी आणि मऊ फळीवर ती ठाकठीक करावी, ही दोन पायऱ्यांची रीत आजही तशीच चालू आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. चाकूपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण त्याचे पाते सरळ असते. सहा इंच लांब आणि दोन बोटे रुंद असा दगड पुरेसा आहे. तो ओला करावा. पाण्यामुळे निघालेली पोलादाची पूड वाहून जाते आणि दगडाची छिद्रे बुजत नाहीत. ज्या दगडाला एकदा तेल लावले, त्याला पुढेही तेलच लावावे. दगड ओल्या फडक्यावर, उखळलेल्या खोडावर किंवा जीपच्या पायरीवर असा टेकवावा की तो हलणार नाही.

सारे कौशल्य कोनात आहे. पाते दगडावर काटकोनात उभे धरावे. मग काटकोनाचा निम्मा करावा. त्याचाही पुन्हा निम्मा करावा. हा झाला साडेबावीस अंशांचा कोन, आणि रानातल्या सर्वसाधारण चाकूला वीस ते पंचवीस अंशांचा कोनच योग्य असतो. दुसरे माप असे की, इंचभर रुंदीच्या पात्याची पाठ दगडापासून आठ-नऊ मिलिमीटर उचललेली असावी. याहून कमी कोन घेतला तर धार तिखट पण नाजूक होते आणि लाकडावर पहिल्याच घावात लवते. अधिक घेतला तर धार दणकट पण जड होते. कोन बरोबर साधतो आहे की नाही हे कळायला पात्याच्या उतारावर शाईची रेघ ओढून चार हात मारावेत. शाई धारेपाशी पुसली गेली तर कोन बरोबर. वरच्या बाजूला पुसली गेली तर पाते फार आडवे धरले आहे.

पाते मुठीपासून टोकापर्यंत एकाच दाबाने, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे अशा रीतीने, पुढे न्यावे. एका बाजूला हे करत असता काही वेळाने दुसऱ्या बाजूला, अगदी कडेवर, पोलादाचा एक सूक्ष्म कंगोरा उमटतो. पात्याच्या पाठीकडून धारेच्या दिशेने, धारेच्या बाहेर जाईल असे बोट हलकेच फिरवले की तो जाणवतो. हा कंगोरा हीच खरी खूण. तो पात्याच्या संपूर्ण लांबीभर उमटल्यावाचून बाजू बदलू नये. पुष्कळांची धार लागत नाही ती दगड वाईट म्हणून नव्हे, तर कंगोरा येण्याआधीच ते बाजू बदलतात म्हणून. दुसऱ्या बाजूनेही तो आणला की बारीक दाण्याच्या बाजूवर आळीपाळीने, दाब कमी करत करत, दहा-पंधरा हात मारावेत. शेवटी कमरेच्या चामडी पट्ट्यावर किंवा मऊ लाकडावर पाते उलट, म्हणजे धार मागे ठेवून ओढावे. न्हावी वस्तऱ्याला चामड्यावर फिरवतो ती हीच क्रिया. तिने कंगोऱ्याचा उरलासुरला अंश निघून जातो.

धार लागली हे अंगठ्याने पाहू नये. पाते उजेडात, धार डोळ्यांकडे करून धरावे. बोथट जागा पांढऱ्या रेघेसारखी चमकते, कारण तिथे कड गोल झालेली असते आणि ती प्रकाश परतवते. खऱ्या धारेवर प्रकाशाला थारा नसतो. ती दिसतच नाही. ही परीक्षा कंदिलाच्या उजेडातही करता येते.

विळ्याची तऱ्हा निराळी. त्याचे पाते आतल्या बाजूला वाकलेले. सपाट दगडावर ते टेकतच नाही. म्हणून इथे दगड स्थिर आणि पाते फिरते, असे न करता पाते स्थिर धरून दगड फिरवावा लागतो. त्यासाठी नावेच्या आकाराचा, दोन्हीकडे निमुळता दगड हवा. साध्या विळ्याचा उतार बहुधा एकाच बाजूला असतो. दगड त्याच बाजूला चालवावा, आणि सपाट बाजूवर केवळ कंगोरा काढण्यापुरता एक-दोनदा आडवा फिरवावा. दोन्ही बाजू सारख्याच घासण्याच्या भरात कित्येक चांगले विळे बिघडतात.

टंगिया, म्हणजे कुऱ्हाड, जंगलात काम करणाऱ्याची सोबतीण. तिला घाव सोसायचे असल्याने प्रत्येक बाजूस पंचवीस ते तीस अंशांचा कोन लागतो, आणि खांडे पडलेली असतील तर दगडाने दिवस जाईल. तिथे कानस हवी. कानस पुढे जातानाच कापते. परत येताना ती उचलून घ्यावी, नाहीतर तिचेच दात जातात. कुऱ्हाड दोन ओंडक्यांमध्ये पाचर मारून पक्की बसवावी, हाताला जाड कापड गुंडाळावे आणि मग कानस चालवावी. कानस पोलादावरून नुसती घसरत असेल तर ते तिच्याइतकेच कठीण आहे असे समजून दगडाकडे वळावे. शेवटचा हात पुरीएवढ्या गोल दगडाने, गोल गोल फिरवत द्यावा.

पण रानात गेलेल्या माणसाजवळ दगडही नाही, कानसही नाही, अशी वेळ येतेच. अशा वेळी चार वस्तू उपयोगी पडतात. पहिली, चिनी मातीचा कप किंवा बशी. त्याच्या बुडाची जी कडा टेबलावर टेकते तिच्यावर चकाकीचा थर नसतो. ती खरबरीत आणि पोलादाहून कठीण असते. तीवर ओले पाते ठरलेल्या कोनात फिरवले की कडेवर करड्या रेघा उमटतात. त्या रेघा म्हणजे पात्यावरून निघालेले पोलादच. दुसरी, जीपच्या खिडकीच्या काचेची वरची गोलसर कडा. काच पोलादाहून किंचित मऊ असल्याने ती झिजलेली धार परत आणत नाही. पण नुसती लवलेली धार सरळ करण्यास ती पुरी पडते. तिसरी, काचकागदाचे दोन तुकडे, एक जाड आणि एक बारीक, सपाट लाकडावर ताणून बसवलेले. ते वहीत घालून नेता येतात, त्यांचे वजन नगण्य, आणि पैसे अगदी थोडे. यांवर पाते नेहमी उलट ओढावे, नाहीतर कागद फाटतो. आणि चौथी, सुश्रुताची फळी: मऊ लाकूड, त्यावर चाळलेली बारीक रेती किंवा गारगोटीची पूड.

विकत मिळणाऱ्या साधनांत कार्बोरंडमचा दगड जुना. एडवर्ड ॲचेसन या अमेरिकन संशोधकाला इ. स. १८९१ मध्ये कृत्रिम हिरा करण्याच्या प्रयत्नात हा पदार्थ गवसला. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दाणा असलेली त्याची वीट आज कोणत्याही लोखंडी सामानाच्या दुकानात मिळते. अलीकडे धातूच्या पातळ पट्टीवर हिऱ्याची भुकटी बसवलेली साधनेही मिळू लागली आहेत. ती पेनाएवढी हलकी असतात, पाण्यावाचून चालतात आणि कोणत्याही पोलादाला कापतात. फक्त त्यांवर जोर देऊ नये, कारण जोराने हिऱ्याचे कण उखडतात. दोन कठीण पट्ट्यांच्या खाचेतून पाते ओढण्याची लहान यंत्रेही विकली जातात. त्यांना कौशल्य लागत नाही हा त्यांचा गुण. ती धार घासत नाहीत तर सोलून काढतात, आणि पाते लवकर संपवतात, हा त्यांचा दोष. अडीअडचणीला ती ठीक, रोजच्यासाठी नव्हेत.

बाजारातल्या विजेच्या चाकाबद्दल मात्र सावध राहिले पाहिजे. कोरड्या चाकावर पाते दाबले की ठिणग्या उडतात आणि पाहणाऱ्याला काम झटपट झाल्यासारखे वाटते. पण तापलेल्या पोलादाचा रंग बदलत जातो: सव्वादोनशे अंश सेल्सियसच्या सुमारास तो गवतासारखा पिवळा होतो, आणि तीनशेच्या सुमारास निळा. पात्याच्या कडेला निळी झाक आली की लोहाराने दिलेले पाणी तिथे उतरले असे समजावे. ती कड पुन्हा मऊ झाली आणि आता धार धरणार नाही. जुना शिकलगार हे जाणून होता. त्याची साण लाखेत कुरुंदाची पूड मिसळून केलेली असे. ती हाताने किंवा दोरीने फिरे आणि पाते वरचेवर पाण्यात बुडे. लाख ही छत्तीसगढच्या जंगलांची जुनी पैदास, आणि कुरुंदही दक्षिण बस्तरात भोपालपट्टनमच्या बाजूला सापडतो. 'कोरंडम' हे त्याचे जगभर रूढ झालेले नावही मूळ भारतीय शब्दावरूनच गेलेले आहे.

पाते जितके कठीण तितके चांगले, असे सर्वसाधारण मत आहे. रानाच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. मैकल डोंगरांतले अगरिया लोक मातीच्या लहान भट्ट्यांत कोळशावर लोखंड गाळत. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांच्या या विद्येचे सविस्तर वर्णन केले आहे. अशा भट्टीतून येणारे लोखंड मऊ असे. त्याची धार लवकर जाई. पण ती लवकर लागतही असे, नदीकाठच्या दगडावर, कोणाच्याही मदतीवाचून. उलट, अतिकठीण पोलादाचा महागडा चाकू महिनाभर धार धरतो. मात्र एकदा बोथट झाला की साध्या दगडाला दाद देत नाही. घरापासून दूर असलेल्या माणसाने पाते निवडताना ते किती दिवस धार धरते एवढेच न पाहता, ती गेल्यावर आपल्याच्याने परत येईल का, हेही पाहावे.

हाच प्रश्न आजच्या शेतीपुढेही आहे. भोपाळच्या केंद्रीय संस्थेचा 'नवीन' किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'वैभव' हे दातेरी विळे वरचेवर पाजवावे लागत नाहीत. कापणारीचा वेळ आणि श्रम त्यांनी वाचवले, ही निःसंशय उपकाराची गोष्ट आहे. रायपूरच्या सपाटीवर आता धान कापणारी मोठी यंत्रेही सर्रास फिरतात. तरी यंत्र जिथे वळत नाही असे कोपरे, ओलीने जड झालेल्या खाचरा, आडवे पडलेले पीक, उन्हाळ्याआधी तेंदूची झुडपे छाटण्याचे काम आणि जंगलरक्षकाची रोजची फेरी, यांत हाताचे हत्यार राहिलेच आहे. दातेरी विळ्याचे दात झिजले की तो बांधावर बसून पाजवता येत नाही. म्हणून नव्या विळ्याबरोबर जुनी विद्या टाकून देणे शहाणपणाचे होणार नाही.

ही विद्या पुस्तकातून जात नाही. ती एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाते. बासी खाऊन झाल्यावर बांधावर टेकलेली बाई पाण्याच्या लोट्यात दगड बुडवते, विळ्याच्या आतल्या बाकावरून तो चार वेळा फिरवते, उजेडात कड पाहते आणि पुन्हा ओळीत जाऊन उभी राहते. शेजारी बसलेली मुलगी ते पाहत असते. या साऱ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. विळा पुरता बोथट होण्याची वाट तिने पाहिलेली नसते. म्हणूनच तिला चार हात पुरतात, जिथे आळशाला चाळीस लागतात. थोडी थोडी, वेळच्या वेळी लावलेली धार कमी पोलाद खाते, कमी श्रम घेते आणि हाताला जपते. हरेलीला मुरमावर मांडलेल्या हँसियाचा खरा मान या रोजच्या पाच मिनिटांत आहे.